मुखवटा उतरल्यावर

स्कूबी-डूच्या गोष्टीत शेवटी माणूस निघतो. भूत असो, ममी असो, समुद्रातून वर आलेला राक्षस असो; शेवटच्या दोन मिनिटांत मुखवटा ओढला जातो आणि आतून कुणाची तरी जमीन बळकावू पाहणारा, नाहीतर खजिन्यावर डोळा ठेवून बसलेला एक घामाघूम माणूस बाहेर येतो. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेली ही कार्टून मालिका देगलूरच्या आमच्या घरात पोचली ती नव्वदीच्या अखेरीस, केबलवरून, अस्खलित हिंदी बोलत. मी ती भुतांसाठी बघायचे. पडका वाडा, करकरणारी दारं, धुक्यातून चालत येणारी हिरवी आकृती यांनी अंगावर काटा यायचा आणि तो काटा हवाहवासा वाटायचा. मुखवटा उतरला की त्याहून मोठा आनंद व्हायचा. या दोन आनंदांचं एकमेकांशी काही वाकडं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

माझ्या मावशीला मात्र वाटतं. तिचा प्रश्न जुना आहे. "तुला भुतं खोटी वाटतात, मग रात्र रात्र जागून बघतीस कशाला गं ती?" ती चिडवत नाही, तिला खरंच समजून घ्यायचं असतं. तिला द्यायचं उत्तर मी कित्येक वर्षं मनात जुळवते आहे, आणि त्यातला मोठा भाग विष्णुपुरीत जुळला.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की विष्णुपुरी येते. गोदावरीवरचा बंधारा, त्यामागे पसरलेला शंकर सागर जलाशय, काठावरचं काळेश्वराचं देऊळ, १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ पासूनचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. इंजिनिअरिंगला असताना मी इथल्या वसतिगृहात राहायचे. भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा नीट पाठ असे, कारण त्यावर 'एक्स-फाइल्स' आणि 'स्टार ट्रेक' ठरत. पुण्याहून कुणी आली की तिच्या कपड्यांआधी तिची हार्ड डिस्क उघडली जाई. जगात ज्यांना गीक म्हणतात तशी मुलं-मुली किनवट, उदगीर, मुखेड, अहमदपूरहून येऊन इथे एकमेकांना सापडत. गावात जिला 'येडी' म्हटलं गेलं होतं, तिला इथे पहिल्यांदा कुणीतरी म्हणे, अगं, मलाही हेच वाटतं.

आमचे वाद जोरात चालत. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसाला कणाकणाने विरघळवून दुसरीकडे पुन्हा जुळवणारं एक यंत्र आहे. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार प्रत्येक कणाची जागा आणि गती दोन्ही एकाच वेळी नेमकी कळू शकत नाही, तेव्हा असं यंत्र चालायचंच नाही. मालिकेच्या लेखकांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक सुटा भाग घातला, म्हणजे जिथे आपण निसर्गाचा नियम मोडतो आहोत नेमकी तिथे खूण करून ठेवली. मला हे फार मोलाचं वाटतं. कल्पित गोष्ट आपण कल्पित आहोत हे कबूल करते. बुवा नेमकं तेवढंच कबूल करत नाही.

मग एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. लबाडी पकडण्यात जे सगळ्यांत तरबेज निघाले, ते बहुतेक सगळे खोटं रचण्यात उस्ताद होते. जेम्स रँडी जादूगार. १९७३ साली अमेरिकेतल्या जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात मनाच्या ताकदीने चमचे वाकवणारा युरी गेलर येणार होता. कार्सन स्वतः पूर्वी जादूचे खेळ करायचा. त्याने आधी रँडीचा सल्ला घेतला. रँडीने सांगितलं, सगळं सामान तुमचंच ठेवा आणि कार्यक्रमाआधी गेलरच्या माणसांना त्या सामानाच्या आसपास फिरकू देऊ नका. एवढंच. गेलर वीसेक मिनिटं बसून राहिला, काहीच वाकलं नाही. 'मिथबस्टर्स'चे जेमी हाइनमन आणि ॲडम सॅव्हेज सिनेमांसाठी खोटे स्फोट आणि खोटे राक्षस बनवणारे कारागीर. २००३ साली त्यांनी डिस्कव्हरीवर लोकांत फिरणाऱ्या समजुती प्रत्यक्ष करून बघायला सुरुवात केली. आर्किमिडीजने आरशांनी ऊन एकवटून रोमन जहाजं जाळली, ही दंतकथा त्यांना जमली नाही. प्रेक्षकांनी पत्रं पाठवली, तुमचंच काहीतरी चुकलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा जमलं नाही. २०१० साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सांगितलं म्हणून तिसऱ्यांदा केलं. जहाज पेटलं नाही ते नाहीच. पण कुणीही पत्राने आक्षेप घ्यावा आणि त्या आक्षेपासाठी एवढा खटाटोप पुन्हा मांडला जावा, याने मला वसतिगृहाच्या टीव्हीसमोर अक्षरशः भरून यायचं. वर्गात आमच्या शंकेसाठी कुणी प्रयोग पुन्हा मांडला नव्हता.

आपल्याकडे हा वारसा जयंत नारळीकरांचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ही नारळीकरांचीच उलटी केलेली आद्याक्षरं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. आपल्या नावाच्या दबावाखाली परीक्षकांनी निकाल देऊ नये, कथेनेच काय ते बोलावं, हा त्यामागचा विचार. आता २००८ सालचा त्यांचा पुण्यातला प्रयोग बघा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, यातली हुशार कोणती, मतिमंद कोणती? नावं अर्थातच झाकलेली. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगल्याची चोवीस बरोबर आली, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. नाणं उडवलं असतं तरी तेवढं आलं असतं. मला या दोन्ही घटनांत एकच माणूस दिसतो. नाव झाकायचं आणि मग बघायचं. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःचं नाव झाकलं, स्वतःलाच आधी कसोटीला लावलं, आणि चौतीस वर्षांनी तीच कसोटी दुसऱ्यांपुढे ठेवली. परग्रहावरचे पाहुणे आपल्या कथांत मनसोक्त आणणारा माणूस कुंडलीपुढे इतका कसोशीचा का होतो, असं ज्यांना वाटतं त्यांना 'नारायण विनायक जगताप' हे नाव सांगावं.

आजीची एक गोष्ट इथे सांगायला हवी. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागला तेव्हा देगलूरचाही प्यायला लागला. आजीने देव्हाऱ्यातल्या गणपतीला चमचा लावला. दूध हळूहळू उतरलं. ती म्हणाली, "पितंय की गं माय!" संध्याकाळी टीव्हीवर दिल्लीचे शास्त्रज्ञ आले. त्यांनी दुधात रंग मिसळला आणि मूर्तीला लावला. रंगाची पातळ धार सोंडेवरून पोटावर आणि पोटावरून खाली जाताना स्पष्ट दिसली. पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द आजीला कळले असतील असं नाही, पण ती धार तिने नीट पाहिली. ती उठली, स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली, तो पाटावर उभा केला आणि त्याला दुधाचा चमचा लावला. वरवंटाही प्यायला. ती बराच वेळ हसत होती. गणपतीवरची तिची भक्ती तसूभरही कमी झाली नाही; दुसऱ्या दिवशी दूर्वा वाहिल्याच. पण त्यानंतर कुणी कुठल्या मूर्तीचं काही सांगितलं की ती विचारायची, "वरवंट्याला लावून बघितलं का?" माझ्या आयुष्यातलं पहिलं तुलनेसाठी ठेवलेलं नियंत्रण ते.

त्यानंतर महिनाभराने, दिवाळीतच, २४ ऑक्टोबरला खग्रास सूर्यग्रहण आलं. १९८० सालच्या ग्रहणात लोक दारं लावून घरात बसले होते, रस्ते ओस पडले होते, असं घरातले मोठे सांगत. यावेळी दूरदर्शनने ते थेट दाखवलं आणि प्राध्यापक यशपाल ते समजावून सांगत होते. आमच्याकडे सूर्य अर्धवटच झाकला जाणार होता. राजस्थानात तो पूर्ण झाकला, आणि तोही मिनिटभर टिकला नाही. हिऱ्याची अंगठी चमकली तेव्हा यशपालांचा आवाज बदलला. आयुष्यभर विश्वकिरणांचा अभ्यास केलेला तो वयस्कर माणूस पोरासारखा हरखला होता. समजावून सांगणं आणि थक्क होणं एकाच गळ्यातून, एकाच क्षणी येऊ शकतं, हे मला त्या आवाजाने शिकवलं. 'टर्निंग पॉइंट' या मालिकेत प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं देताना ते कधीच कुणाला खुळ्यात काढत नसत. प्रश्न कितीही साधा असला तरी त्यांना तो आवडलेला असे, आणि ते दिसत असे.

खरं तर आपल्या खेड्यांत टीव्ही आला तो एक प्रयोग म्हणूनच. १९७५-७६ साली अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत थेट कार्यक्रम पोचवले गेले. आमच्या सीमेपलीकडचा गुलबर्गा जिल्हा त्यांत होता. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे तेव्हाचे संचालक हेच यशपाल. त्याच वेळी इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोला जाऊन विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कच्या घरावर एक मोठी अँटेना बसवून दिली. पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांतून जगभर संदेश पाठवता येतील हे क्लार्कने १९४५ सालीच लिहून ठेवलं होतं. आपल्या अभियंत्यांनी एका गोष्टीवेल्हाळाचं ऋण असं फेडलं, ही हकीकत वाचल्यापासून मी जिला भेटेन तिला सांगत आले आहे.

३ मार्च २००८च्या रात्री वसतिगृहाच्या टीव्हीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. इंडिया टीव्हीवर एक तांत्रिक सांगत होता की मंत्राने मी कुणालाही तीन मिनिटांत मारू शकतो. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू समोर बसून म्हणाले, मग मला मारा. मंत्र झाले, पाणी शिंपडून झालं, चाकू नाचवून झाला. तीन मिनिटं गेली, तास गेले, वाहिनीने पुढचे कार्यक्रम रद्द केले. रात्रीच्या होमाने तरी काम होईल म्हणून तोही झाला. सनल हसत बसले होते. तुमच्यावर कुठल्यातरी मोठ्या दैवताचं छत्र असणार, असं तांत्रिक म्हणाला तेव्हा त्यांनी सांगितलं की मी नास्तिक आहे. आमची खोली टाळ्यांनी दणाणली. माझ्या शेजारी बसलेली मुखेडची मुलगी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तिच्या घरात एक मृत्यू करणीमुळे झाला असं तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं. त्या रात्री तिने पडद्यावर करणी होताना आणि माणूस जिवंत राहताना बघितला. ती नंतर बराच वेळ गॅलरीत उभी होती. आमच्यासाठी जो सामना होता, तो तिच्यासाठी सुटका होती.

तिथून मला स्कूबी-डू अपुरा वाटायला लागला. आमच्या सीमाभागात, नांदेड-लातूरच्या खेड्यांत, भानामती आहे. पत्र्यावर दगड येतात, बंद पेटीतली लुगडी जळतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, बायका एकमेकींच्या मागे घुमायला, भुंकायला लागतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते अशा घरांत जात, तेव्हा दगड टाकणारा हात बहुतेक वेळा घरातलाच निघे. आणि तो हात जमीन बळकावणाऱ्या खलनायकाचा नसे. सासरी जीव गुदमरलेली सून, अभ्यासाच्या धाकाने घाबरलेला मुलगा, जिचं ऐकायला कुणी नाही अशी बाई. समितीची शिस्त अशी की त्या व्यक्तीशी एकांतात बोलायचं, तिला आधार द्यायचा, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं आणि तिचं नाव गावासमोर कधी उघड करायचं नाही. दगड थांबतात, गाव मोकळा श्वास घेतं, आणि कोण होतं ते कुणाला कळत नाही. कार्टूनची गोष्ट मुखवटा उतरला की संपते. आमच्याकडे ती तिथून पुढे सुरू होते, आणि तो मुखवटा चारचौघांत ओढायचाच नसतो. चिकित्सेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ही शिस्त आधी शिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण हुशारीच्या भरात पहिला तोल इथेच जातो.

हेच कार्यकर्ते गावोगाव चमत्काराचे प्रयोगही करत. कार्यकर्ताच आधी बुवा होऊन येई. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन सोडलं की काही वेळात होम आपोआप पेटे. भाताच्या पेजेत मळून वाळवलेल्या राखेची गोळी बोटांच्या बेचक्यात लपवली की हवेतून विभूती येई. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की 'रक्त' उतरे. हळद आणि चुन्याचं नातं तर प्रत्येक आजीला माहीत. मग तो कफनी उतरवून सगळं उघड करून दाखवे, आणि शाळेतल्या पोरांना स्वतः करायला लावे. रँडी, मिथबस्टर्स आणि लोह्यासारख्या गावातल्या शाळेच्या पटांगणातला हा कार्यकर्ता, माझ्या लेखी एकाच गणगोतातले.

याची किंमत मोजावी लागली. २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या एका चर्चमधल्या क्रुसावरून पाणी ठिबकायला लागलं. सनल यांनी जाऊन पाहिलं आणि तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीतून वर चढते आहे हे टीव्हीवर दाखवलं. आजीच्या वरवंट्यावरून दूध उतरवणारं केशाकर्षण तेच. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्याच आठवड्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. हत्येच्या दिवशी आम्ही जुन्या मैत्रिणी एकमेकींना फोन करत होतो आणि कुणालाच धड बोलता येत नव्हतं.

मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. मला भूत आवडतं, कारण ते रचणाऱ्याने मला सांगितलेलं असतं की हे रचलेलं आहे, ये, थोडा वेळ घाबरू. त्या करारात माझा मान राखलेला असतो. आणि खऱ्या जगाबद्दल मी इतकी हट्टी आहे, कारण तिथेही मला तोच मान हवा आहे, आणि मुखेडच्या त्या मुलीलाही तो मिळायला हवा होता.

हल्ली सकाळी कुठलीही वाहिनी लावली की राशीभविष्य असतं आणि रात्री 'गूढ' काहीतरी. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गडगडाट ऐकू येतो. कॅमेरे जातात, घाबरलेल्या चेहऱ्यांवर संगीत वाजतं, कॅमेरे परततात. भीती मात्र खरी असते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जन आटोपून लोक गाढ झोपलेले असताना भूकंपात किल्लारी जमीनदोस्त झाली. ती रात्र या भागातल्या प्रत्येक घरात अजून राहते. २००७ साली नांदेड शहरात धक्के बसत आणि आवाज येत होते तेव्हा आम्हीही अंथरुणं घेऊन मोकळ्या मैदानात गेलो होतो. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, जुलैत पुन्हा तेवढाच. उथळ, लहान भूकंपांच्या लहरी कठीण बेसाल्टमधून फारशा न मरता वर येतात आणि जमीन स्पीकरच्या पडद्यासारखी हवा हलवते. तो गडगडाट हाच. एवढी सुंदर गोष्ट कुठलीही वाहिनी सांगत नाही.

म्हणून माझ्या मनात एक मालिका आहे. मराठीत, मराठवाड्यात, विष्णुपुरीत तळ ठोकून केलेली. इंजिनिअरिंगची कार्यशाळा हाताशी आहे, विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, आणि शंका घेणारी पोरं दरवर्षी नव्याने येतात. पहिला भाग पांगऱ्याचा करावा. आवाज आणतात त्या लहरी आधी पोचतात, धक्का देणाऱ्या मागून येतात, आणि मधल्या प्रत्येक सेकंदाला उगम साधारण आठ किलोमीटर दूर असतो. हे गावातल्या लोकांना सांगावं आणि तीन गावांत मोबाइलमधलं घड्याळ धरून माणसं बसवावीत: एक शाळेतली पोरगी, एक शेतकरी, एक आशाताई. आवाज झाला की मोजायला लागायचं, धक्का लागला की थांबायचं. मग ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लावून प्रत्येकाने आपल्या गावाभोवती आपल्या हाताने वर्तुळ काढायचं आणि तिन्ही कुठे छेदतात ते बघायचं. पहिल्या खेपेला ती छेदणार नाहीत, कारण माणसाचा अंगठा अर्धा सेकंद सहज चुकतो. ते तसंच दाखवावं, प्रेक्षकांची पत्रं मागवावीत, आणि दुसऱ्या भागात घड्याळं बदलून पुन्हा मोजावं.